चांद्याचे नदीकाठचे दरवाजे

वर्धा नदी मुलताईच्या पठारावर उगम पावते आणि पांढुर्ण्याच्या पश्चिम अंगाने खाली विदर्भात उतरते. सौंसरकडची कन्हान मात्र पूर्वेची वाट धरते, वैनगंगेला मिळते, आणि पुढे वैनगंगा व वर्धा एकत्र होऊन प्राणहिता होते. आपल्या मुलखातले पाणी अशा रीतीने दोन वाटांनी जाऊन अखेर एकाच पात्रात पडते. या दोन वाटांपैकी वर्धेची वाट धरून दक्षिणेस गेले की जे जुने राजधानीचे शहर लागते ते चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर. हे शहर प्रत्यक्ष वर्धेवर नाही. वर्धेची उपनदी इरई त्याच्या पश्चिमेकडून वाहते, झरपट ही लहानशी नदी पूर्वेकडून येते आणि शहराच्या दक्षिणेस दोघींचा संगम होतो. या दोन नद्यांच्या बेचक्यात गोंडराजांनी दगडी कोट घातला आणि त्याला चार दिशांना चार दरवाजे ठेवले. उत्तरेचा जटपुरा, पश्चिमेचा बिनबा, दक्षिणेचा पठाणपुरा आणि पूर्वेचा अचलेश्वर. लोकांच्या तोंडी या शेवटच्याचे नाव अंचलेश्वर असे आहे. चारांपैकी जटपुरा तेवढा कोरड्या जमिनीकडे पाहतो. उरलेले तिन्ही नदीकडे तोंड करून उभे आहेत.

छिंदवाडा जिल्ह्याच्या मराठी वाचकाला या दरवाजांशी काय कर्तव्य, असा प्रश्न सहज पडेल. १९५६ साली राज्यांच्या नव्या सीमा आखल्या गेल्या, पांढुर्णे व सौंसर मध्य प्रदेशात राहिले, चांदा प्रथम मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात गेला; तेव्हापासून दोहोंचा इतिहास वेगवेगळ्या पुस्तकांतून शिकविला जातो. पण त्याच्या कितीतरी आधी देवगड आणि चांदा ही दोन गोंड राज्ये शेजारी होती. त्यांच्यात सोयरीक झाली आणि रक्तही सांडले. देवगडचा किल्ला आपल्या छिंदवाडा जिल्ह्यात मोहखेडच्या बाजूस डोंगरावर आज भग्नावस्थेत उभा आहे. चांद्याच्या दरवाजांची कथा सांगताना देवगडला वगळता येत नाही, हे पुढे दिसेलच.

प्रथम आख्यायिका. गोंडांची राजधानी पूर्वी शिरपूर येथे होती. तेथील राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या सर्वांगावर गळवे आली होती व कोणत्याही औषधाने ती बरी होईनात. राणीच्या सल्ल्याने राजाने शिरपूर सोडले, वर्धेच्या काठी बल्लाळपूरचा किल्ला बांधला व तेथे राहू लागला. एके दिवशी शिकारीस गेला असता त्याला तहान लागली. झरपटीच्या कोरड्या पात्रात एका खळग्यातून पाणी झिरपताना दिसले. ते त्याने प्यायले आणि त्याने तोंड धुतले. त्या रात्री त्याला कित्येक दिवसांनी शांत झोप आली. सकाळी राणी पाहते तो गळवे नाहीशी झालेली. दोघे पुन्हा त्या जागी गेले, तेव्हा खडकावर गाईच्या खुरांचे पाच ठसे आढळले. त्यांतले पाणी कितीही उपसले तरी आटत नव्हते. तेथेच अचलेश्वराचे देऊळ उभे राहिले.

देवळाचे काम पाहण्यासाठी राजा येत-जात असे. एकदा त्याने विलक्षण प्रकार पाहिला. एक ससा त्याच्या कुत्र्याचा पाठलाग करीत होता. कुत्रा भल्या मोठ्या वर्तुळात धावत राहिला, ससा त्याच्या मागे. अखेर कुत्रा उलटला आणि त्याने सशाला मारले. सशाच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. राणीने याचा अर्थ सांगितला: ही भूमी पराक्रमाची आहे, सशाच्या वाटेवरून कोट घालावा, जेथे झुंज झाली तेथे भक्कम बुरूज बांधावेत. त्याप्रमाणे पाया खणला गेला.

ही कथा चांद्याची असली तरी केवळ चांद्याची नाही. तुंगभद्रेच्या तीरावर विजयनगर वसले ते ससा शिकारी कुत्र्यांवर उलटला म्हणून, असे सांगतात. साबरमतीच्या काठी अहमदशहाने अहमदाबाद वसविले त्याचीही कथा हीच आहे. तिन्ही शहरे नदीकाठची, तिन्ही तटबंद आणि तिन्ही नव्या राजवटीने वसविलेली, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे कथेचे काम काय ते कळते. दुर्बळाने बलवानाला पळवावे अशी ही भूमी आहे, हे नव्या राज्याला लोकांच्या मनात ठसवायचे असते. मात्र चांद्याच्या कथेत एक भर आहे, आणि ती खास तिथली आहे. ती म्हणजे पाणी. विजयनगर आणि अहमदाबाद यांच्या कथांत ससा पुरतो. चांद्याला आधी झरा लागतो, मग देऊळ, मग ससा आणि सर्वांत शेवटी तट. अचलेश्वर दरवाजा त्या झऱ्याच्या जागेलगत आहे. म्हणजे शहराचा पहिला बिंदू हा दरवाजाचा बिंदू आहे, आणि तो नदीच्या पात्राला चिकटलेला आहे. आख्यायिकेतील चमत्कार बाजूला ठेवला तरी एवढी भौगोलिक आठवण तिने अचूक जपली आहे असे म्हणणे भाग आहे.

आता काळाचा प्रश्न, आणि तो सोपा नाही. १८६९ साली मेजर ल्यूसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल लिहिला. त्याने स्थानिक लोकांकडून, जुन्या घराण्यांकडून माहिती गोळा करून गोंडराजांची वंशावळ दिली. महसुली अहवालात एवढा इतिहास लिहिणारे अधिकारी थोडे; चांद्याविषयी पुढे जे जे लिहिले गेले त्या सर्वांचा पाया हाच अहवाल आहे. पण त्याने दिलेल्या सनावळीत घोळ आहे. त्याच्या यादीप्रमाणे खांडक्या बल्लाळशहा तेराव्या शतकात येतो आणि बाबाजी बल्लाळशहा पंधराव्या शतकाच्या मध्यावर गादीवर बसतो. इकडे अकबराच्या दरबारात सोळाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालेल्या 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात चांद्याच्या बाबाजीचा उल्लेख आहे. त्याच्याजवळ १,००० स्वार व ४०,००० पायदळ असून हिऱ्यांच्या खाणीसाठी प्रसिद्ध असलेले वैरागड त्याने नुकतेच घेतले होते, असे तेथे म्हटले आहे. अकबराचा समकालीन राजा शंभर वर्षे आधी मरू शकत नाही. तेव्हा सारी यादी खाली ओढावी लागते. तशी ती ओढून अभ्यासकांनी खांडक्या बल्लाळशहाचा काळ सुमारे १४७२ ते १४९७ असा धरला, त्याचा मुलगा हीरशहा त्यानंतरचा, आणि धुंड्या रामशहा १५९७ ते १६२२ च्या सुमाराचा. यादव माधव काळे यांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या 'नागपूर प्रांताचा इतिहास' या ग्रंथापासून अ. ज. राजूरकरांच्या 'चंद्रपूरचा इतिहास' या पुस्तकापर्यंत मराठीतही या घराण्याची चर्चा झाली आहे.

एका बखरवजा यादीतील वर्षे शंभर-दोनशेने सरकली तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. दरवाजांच्या बाबतीत बरेच बिघडते. तेराव्या शतकातला तट म्हणजे यादवकालीन तट. तो तोफांच्या आधीचा. पंधराव्या-सोळाव्या शतकातला तट हा बहमनी सत्ता मोडकळीस येत असतानाचा, दक्षिणेत तोफ रुळल्यानंतरचा. चांद्याच्या दरवाजांच्या टोकदार कमानी, त्यांना बिलगलेले भरीव बुरूज, तटाच्या माथ्यावरचे पाकळ्यांसारखे चर्ये पाहिले की दुसरा काळच पटतो. माहूर आणि खेडला ही दोन ठाणी बहमनी व माळव्याच्या सुलतानांच्या ओढाताणीत होती. खेडला तर आपल्या शेजारच्या बैतूल जिल्ह्यात आहे. त्या ओढाताणीच्या फटीतून गोंड राज्ये वर आली आणि त्यांनी मुसलमानी बांधणीतले जे उपयोगी होते ते उचलले. पण कमानीच्या अंगावर शिल्प कोरविले ते आपले. हत्तीला पायाखाली दाबणारा सिंह हे चांद्याच्या गोंडांचे राजचिन्ह दरवाजांवर आजही दिसते. परक्या कमानीवर आपली मुद्रा, असा हा व्यवहार आहे.

परंपरेप्रमाणे कोटाचा पाया खांडक्या बल्लाळशहाने घातला, दरवाजे हीरशहाने उभारले, आणि काम पुरे झाले ते धुंड्या रामशहाच्या कारकिर्दीत. त्या वेळी मोठा समारंभ होऊन दानधर्म झाला. म्हणजे पायापासून शेवटच्या दगडापर्यंत शंभराहून अधिक वर्षे गेली. हीरशहाविषयी आणखी एक गोष्ट सांगतात आणि ती तटाहून महत्त्वाची आहे. त्याने दवंडी पिटविली की जो जंगल तोडून गाव वसवील त्याला त्या जमिनीची सनद मिळेल आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाने भिजेल तेवढी जमीन मिळेल. चांदा व गडचिरोलीकडे आज जे असंख्य जुने तलाव दिसतात, त्यांच्यामागे हे धोरण आहे असे परंपरा मानते. पाणी अडविणाऱ्याला जमीन देणारा राजा नदीच्या बाजूला दरवाजे बांधतो, तेव्हा त्याला नदीचा स्वभाव ठाऊक असतो असे समजायला हरकत नाही.

तो स्वभाव कसा, ते येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. इरई ही काही मोठी नदी नव्हे. उन्हाळ्यात तिच्या पात्रात ठिकठिकाणी डोह तेवढे राहतात. पण ती दक्षिणेस थोड्याच अंतरावर वर्धेला मिळते, आणि वर्धेला पूर असला की इरईचे पाणी पुढे सरकत नाही. ते तुंबते, मागे फुगते आणि शहराच्या पश्चिम व दक्षिण अंगाच्या सखल जमिनीवर पसरते. चांद्यात पाऊस नसतानाही चांद्याला पूर येऊ शकतो तो यामुळे. मुलताई-पांढुर्ण्याकडे, आर्वी-मोर्शीकडे, यवतमाळच्या डोंगरात जे कोसळते त्याचा हिशेब काही दिवसांनी पठाणपुरा दरवाजाबाहेर लागतो. तटाचा पाया मोठमोठ्या घडीव दगडांचा आणि भिंत जाड व मागून मातीच्या भरावाने पेललेली. अशी रचना तोफेच्या गोळ्यासाठी जितकी उपयोगी तितकीच पुराच्या दाबासाठीही. शत्रू शतकातून दोन-चारदा येतो, नदी दरवर्षी येते. तेव्हा या कोटाने खरी लढाई कोणाशी दिली हे वेगळे सांगण्याची जरुरी नाही.

तटाचा परीघ किती, यावर पुस्तकांचे एकमत नाही. जुन्या इंग्रजी गॅझेटियरांत साडेपाच मैल आढळतो, इतरत्र साडेसात मैल म्हटले आहे. अलीकडे तो सुमारे ११ किलोमीटर सांगतात आणि बुरूज ३९ मोजतात. मोजमाप कोठून कोठे धरले यावर हे अवलंबून असावे. एवढ्या मोठ्या कोटाच्या आत गाव मात्र लहान होते. १९०१ च्या खानेसुमारीतसुद्धा चांद्याची वस्ती अठरा हजारांच्या आतच भरली. कोटाच्या आत शेते होती, बागा होत्या, सुटी खेडी होती, रामाळा तलाव होता. हे उधळेपण नव्हते. वेढा पडला तर आत धान्य पिकावे आणि गुरांना चारा-पाणी मिळावे, यासाठीची ती तजवीज दिसते. चार दरवाजांखेरीज तटाला पाच लहान वाटा होत्या, त्यांना खिडक्या म्हणत: विठोबा, हनुमान, बगड, मसण आणि चोर. दरवाजे राजाचे, तर खिडक्या रयतेच्या. पाण्याला जाणारी बाई, धुणे घेऊन निघालेला परीट, प्रेत नेणारे लोक यांना राजमार्गाच्या कमानीतून जाण्याचे कारण नसे. मसण खिडकीचे आणि चोर खिडकीचे काम त्यांच्या नावांतच आहे. राजवाड्यांच्या इतिहासात ज्यांचा उल्लेख येत नाही अशा माणसांची ही पाच नावे, म्हणून ती जपून ठेवण्यासारखी आहेत.

अचलेश्वर दरवाजाशी देवगडची कथा जोडलेली आहे. सतरावे शतक संपता संपता चांद्याच्या गादीवर बीरशहा होता. त्याची मुलगी देवगडच्या घराण्यातील दुर्गपाल याला दिली होती. सासरी तिचा अपमान झाला. बीरशहा संतापला, त्याने देवगडकरांवर चाल केली आणि जावयाचे मस्तक महाकालीला वाहण्याचा नवस बोलला. लढाईत आधी त्याचीच पीछेहाट होत होती. मग देवीच्या कृपेने बाजू उलटली, दुर्गपाल पडला आणि त्याचे शिर चांद्यास आणून अचलेश्वर दरवाजाबाहेरच्या महाकालीपुढे ठेवण्यात आले, अशी कथा आहे. देवळाच्या माथ्यावर देवगडच्या दिशेने तोंड केलेले दगडी मस्तक त्याची खूण म्हणून बसविले होते, असेही ती सांगते. ही कथा चांद्याच्या बाजूने सांगितलेली आहे, हे विसरता कामा नये. आपल्या भागात उभे राहून ती ऐकली की तिचा सूर बदलतो. एका मुलीचा सासरी छळ झाला, आणि त्या छळाचा शेवट तिच्या वैधव्याने झाला. तिला काय वाटले ते कोणत्याही कथेने नोंदविलेले नाही. तिचे नावही या कथेत येत नाही.

बीरशहाचा शेवटही शांतपणे झाला नाही. त्याच्या दुसऱ्या लग्नाच्या प्रसंगी हिरामण नावाच्या त्याच्याच पदरच्या रजपुताने तलवारीने त्याला ठार केले. त्याची राणी हिराई हिने रामशहा नावाचा मुलगा दत्तक घेऊन राज्य सावरले आणि पतीची भव्य समाधी अचलेश्वराच्या देवळाजवळ बांधली. महाकालीच्या देवळाचे बांधकामही तिच्याच नावावर आहे. चांद्याच्या पूर्व दरवाजाभोवती आज जे काही सुंदर उभे आहे त्यात हिराईचा वाटा मोठा. सूडाच्या जागेवर तिने बांधकाम केले.

परकी सैन्ये या दरवाजांपाशी आली त्यांची हकीकत थोडक्यात सांगता येईल. १६६७ साली औरंगजेबाचा सरदार दिलेरखान मोठी फौज घेऊन चांद्याच्या सीमेवर आला, तेव्हा तेथल्या राजाने जबर खंडणी कबूल करून त्याला परत फिरविले. नंतर खान देवगडकडे वळला आणि तेथेही त्याने तेच केले. तटाची परीक्षा झाली नाही. रघूजी भोसले आले तेव्हाही झाली नाही, आणि याचे कारण विचार करण्याजोगे आहे. शेवटचा राजा नीलकंठशहा हा क्रूर व लहरी निघाला. बापाच्या वेळचा कारभारी महादोजी वैद्य याला त्याने मारविले, मानकरी दुखावले, रयत विटली. त्यामुळे १७४९ साली रघूजींच्या फौजेला चांद्यात शिरताना लढावे लागले नाही. प्रथम उत्पन्नाचा दोन तृतीयांश वाटा देण्याचा तह झाला आणि १७५१ साली सारे राज्यच भोसल्यांकडे गेले. नीलकंठशहाला बल्लाळपूरच्या किल्ल्यात कैदेत ठेवण्यात आले. शंभराहून अधिक वर्षे खपून बांधलेले दरवाजे आतूनच उघडले गेले.

देवगडचेही तेच झाले होते. बख्त बुलंदशहाने १७०२ च्या सुमारास बारा खेड्यांचे मिळून नागपूर वसविले, त्याच्या मागून आलेल्या चांद सुलतानाने त्याला कोट घातला. पण त्याच्या पश्चात घरात भांडणे लागली आणि मध्यस्थी करायला बोलावलेले रघूजी नागपुरातच राहिले. त्या नागपूरच्या तटापैकी आज महालातला जुम्मा दरवाजा तेवढा नाव सांगायला उभा आहे. त्याला आता गांधी गेट म्हणतात. नागपूरचा तट गेला आणि चांद्याचा राहिला, यामागे रक्षणाची बुद्धी नव्हती. नागपूर वाढले, चांदा दीडशे वर्षे वाढले नाही, म्हणून कोणाला तो तट पाडण्याची गरज भासली नाही, एवढेच.

भोसल्यांनी तटाची डागडुजी केली आणि चांदा हे त्यांच्या घरातल्या धाकट्या पातीचे ठाणे झाले. मुधोजी भोसल्यांकडे तो होता. १७६९ साली थोरले माधवराव पेशवे जानोजींवर चालून आले, तेव्हा पेशव्यांच्या फौजेने चांद्याला वेढा घातला. पण जानोजींनी समोरासमोरची लढाई टाळून पेशव्यांच्या मुलखात धुमाकूळ घातल्याने वेढा उठवावा लागला आणि मार्चमध्ये कनकापूरचा तह झाला. मराठ्यांनी मराठ्यांच्या ठाण्याला घातलेला हा वेढा, आणि दरवाजे त्या वेळीही पडले नाहीत.

ते पडले १८१८ साली. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, पुढे मार्चमध्ये आप्पासाहेब भोसल्यांना इंग्रजांनी कैद केले. दुसरा बाजीराव चांद्याच्या रोखाने येत होता. त्याला वर्धेच्या अलीकडेच अडविण्यात आले. मग कर्नल अॅडम्स याची फौज मे महिन्यात चांद्यापुढे उतरली. वैशाखाचे दिवस, नद्या आटलेल्या. ही वेळ महत्त्वाची. दोन महिन्यांनी इरई-झरपटीला पाणी आले असते आणि तीन बाजूंनी शहर सुरक्षित झाले असते. उन्हाळ्यात मात्र नदीकाठचा दरवाजा हा फक्त दरवाजा असतो. अॅडम्सने कोटाभोवती पाहणी करून आग्नेयेची बाजू निवडली, तोफा डागून तेथे खिंडार पाडले आणि २० मे १८१८ रोजी सकाळी हल्ला चढविला. किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला. त्याच्याबरोबर शिबंदीची कित्येक माणसे कामी आली. कमानी शाबूत राहिल्या. इंग्रज दरवाजातून आले नाहीत, भिंत फोडून आले.

त्यानंतर दरवाजांचे सैनिकी काम संपले. गोंडांच्या राजवाड्यात तुरुंग झाला आणि तो आजही आहे. तटाच्या दगडांना नवे उपयोग सापडले, भिंतीला टेकून झोपड्या उठल्या, खिडक्यांत उकिरडे साचले. भारतीय पुरातत्त्व खात्याने कोटाला संरक्षित स्मारक म्हटले, परंतु संरक्षण ही गोष्ट फलकाने होत नाही. शहर मात्र आता वाढू लागले होते. कोळशाच्या खाणी होत्याच. १९८० नंतरच्या दशकात औष्णिक वीज केंद्र उभे राहिले आणि त्यासाठी इरईवर धरण झाले. २०११ साली वस्ती तीन लाख वीस हजारांच्या घरात गेली आणि त्याच वर्षी महानगरपालिका आली. एका बैलगाडीच्या मापाने काढलेल्या जटपुरा कमानीतून ही सारी वाहतूक जाऊ लागली. दरवाजाची बाजू फोडून रस्ता मोठा करावा, अशी मागणी त्यामुळे वारंवार होते. ती मागणी करणाऱ्यांना सरसकट अरसिक ठरविणे अन्यायाचे होईल. कोंडीत अडकलेल्या रुग्णवाहिकेतल्या माणसाला हीरशहाचे नाव सांगून उपयोग नाही. पण फोडलेला तट परत बांधता येत नाही आणि वाहतुकीला वळणाचा रस्ता काढता येतो, हेही तितकेच खरे.

नदीच्या बाजूला प्रश्न वेगळा आहे. इरईच्या काठाला खाणींतून निघालेल्या मातीचे डोंगर झाले, पात्र अरुंद झाले, सखल जागी कोटाबाहेर नव्या वस्त्या बसल्या. २००६, २०१३ आणि २०२२ साली जे पूर आले त्यांत घरे बुडाली ती मुख्यत्वे याच वस्त्यांतली. जेथे घर बांधू नये अशी रेषा गोंडांच्या गवंड्यांनी दगडात आखून ठेवली होती. ती ओलांडली कोणी तर ज्यांना रेषेच्या आत जागा परवडत नव्हती त्यांनी. पूर चढला की पठाणपुरा दरवाजाबाहेरचा रस्ता पाण्याखाली जातो आणि माणसे कमानीच्या आत उभी राहून पाणी कोठवर आले ते पाहतात.

१ मार्च २०१७ पासून चंद्रपुरातील 'इको-प्रो' या संस्थेच्या तरुणांनी तट साफ करायला घेतला. फावडी, कोयते, घमेली घेऊन रोज सकाळी हे काम चाले. दोनशेहून अधिक दिवस ते चालले, बुरुजांवरची झाडे निघाली, बुजलेल्या पायऱ्या उघड्या झाल्या, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये पंतप्रधानांच्या आकाशवाणीवरील भाषणात त्याचा उल्लेख झाला. पुढे त्याच मंडळींनी तटावरून लोकांना फिरविण्याचा क्रम सुरू केला. शाळेतली मुले आता बगड खिडकीपाशी थांबून तिच्या नावाचा अर्थ विचारतात.

पूर्वेकडे अचलेश्वर दरवाजापाशी चैत्रात महाकालीची यात्रा भरते. नांदेड-परभणीकडून, तेलंगणातून भाविक येतात, झरपटीच्या उरल्यासुरल्या पाण्यात स्नान करतात आणि देवीला जातात. दरवाजाच्या अंगावर सिंह तसाच आहे, त्याच्या पायाखाली हत्ती. देवगडच्या दिशेने तोंड केलेल्या त्या दगडी मस्तकाची चौकशी करणारा यात्रेकरू विरळा. पांढुर्ण्या-सौंसरकडून कोणी गेलाच, तर त्याने ती जरूर करावी.